भाताची पेशी आणि खारें पाणी

खारेपाटांतील भात कधीं कधीं दिसण्यांत हिरवेंगार असूनही कापणीच्या वेळीं दाणे पोचट निघतात. याचें कारण नीट समजण्यास रोपाच्या पेशींत काय चालतें हें पाहणें जरूर आहे.

प्राणी व वनस्पति यांचें शरीर पेशींचें बनलेलें असतें. पेशींत केंद्रक असतें व त्याच्या बाहेरील पटलास जोडूनच बारीक नळ्या व चपट्या पिशव्या यांचें जाळें पेशीभर पसरलेलें असतें. यास आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. 1945 सालीं पोर्टर, क्लॉड व फुलम यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पेशीचीं चित्रें घेतलीं, तेव्हां हें जाळें स्पष्टपणें नजरेस आलें.

जालिकेचे दोन भाग आहेत. एकावर रायबोझोम नांवाचे कण चिकटलेले असतात. तो खडबडीत भाग होय. तेथें प्रथिनें तयार होतात. दुसरा भाग मृदु असून तेथें स्निग्ध पदार्थ बनतात. प्रथिन प्रथम दोऱ्यासारखें लांब असतें. योग्य घडी पडल्यावांचून तें कामास येत नाहीं. कचेरींत कागद तपासल्यावांचून पुढें जात नाहीं, त्याप्रमाणें घडी चुकलेलें प्रथिन जालिका पुढें जाऊं देत नाहीं. तें मोडून टाकलें जातें.

तांदळाच्या दाण्यांतील प्रोलॅमिन हें प्रथिन जालिकेंतच गोळा होऊन राहतें. ग्लुटेलिन, जें प्रमाणानें अधिक असतें, तें जालिकेवर तयार होऊन पुढें रिक्तिकांत सांठविलें जातें. तात्पर्य, आपल्या ताटांतील भाताचा कस याच जाळ्यांतून येतो.

आतां मिठाकडे वळूं. जमीन खारी झाली म्हणजे मुळांस पाणी ओढणें कठीण जातें, आणि पाण्याबरोबर मिठांतील सोडियम आंत शिरतें. तें पेशीबाहेर लोटणारीं अथवा रिक्तिकेंत कोंडणारीं प्रथिनें पटलांत बसविलेलीं असतात. तींही जालिकेवरच घडतात. मीठ फार वाढलें कीं प्रथिनांच्या घड्या चुकूं लागतात. जालिका मदतनीस प्रथिनें वाढवून तोल सांवरूं पाहते. परंतु ताण लांबला तर पेशी मरते. भात कोंवळ्या रोपाच्या अवस्थेंत व निसवण्याच्या वेळीं विशेष नाजूक असतें. निसवतांना मीठ वाढल्यास परागांचें बळ जातें व दाणा भरत नाहीं.

सर्व जाती सारख्या सोशिक नसतात. काळा राता व भुरा राता या जुन्या जाती आणि पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2 व 3 या जाती खाऱ्या जमिनीसाठींच आहेत.

यावरून शेतकऱ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

1. पहिल्या पावसाचें गोडें पाणी शेतांत कोंडून, मीठ विरघळल्यावर तें ओहोटीच्या वेळीं उघाडींतून बाहेर सोडावें; मगच लावणी करावी.

2. फार कोंवळीं रोपें लावूं नयेत.

3. निसवण्याच्या वेळीं गोडें पाणी शेतांत टिकवावें. शेत सुकलें म्हणजे खालचें मीठ वर येतें.

4. उधाणापूर्वीं बांधांतील खेकड्यांचीं बिळें बुजवावीं व उघाडीचीं दारें तपासावीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सोशिक बियाण्याच्या अंगच्या बळासही मर्यादा आहे. बांधास खांड एका ठिकाणीं पडते, परंतु खारें पाणी साऱ्या खारेपाटांत पसरतें. म्हणून बांधाच्या कामांत श्रम व वर्गणी देण्यास कोणींही मागें राहूं नये.