तेतच्या सुट्टीत व्हिएतनाम : एकट्या प्रवाशासाठी काही अनुभवाधारित सूचना

पाठीवर मावेल एवढेच सामान, अर्धवट ठरवलेला मार्ग, स्वस्त मुक्काम आणि सार्वजनिक वाहने यांच्या आधाराने केलेल्या भटकंतीला बॅकपॅकिंग म्हणतात, आणि ती एकट्याने केली की तिला स्वावलंबनाची परिसीमा मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती बरीच उलटी आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्या पर्यटकाची अडचण निस्तरायला व्यवस्थापक असतो आणि कुटुंबाबरोबर जाणाऱ्याला निदान सामानाजवळ थांबणारे कोणी तरी असते. एकट्या प्रवाशाला मात्र दाराची किल्ली देणारा हॉस्टेलमधला मुलगा, पहाटे चुली पेटवणारी खानावळवाली, योग्य फाट्यावर उतरवणारा बसचा क्लीनर अशा अनोळखी माणसांच्या नित्याच्या कामावर पूर्णपणे विसंबून राहावे लागते. ही सारी माणसे एकाच आठवड्यात आपापल्या गावी गेली, तर त्या देशातील सर्वांत अगतिक व्यक्ती तोच ठरतो. व्हिएतनाममध्ये असा आठवडा दरवर्षी येतो आणि त्याचे नाव तेत, म्हणजे तेथील नववर्षाचा सण.

व्हिएतनामी पंचांग चांद्र-सौर आहे; म्हणजे महिने चंद्रावरून मोजले जातात आणि सौर वर्षाशी त्यांचा मेळ राहावा म्हणून अधूनमधून अधिक मास धरला जातो. मराठी वाचकाला ही रचना परकी नाही, आणि म्हणूनच तेतचा अंदाज घरच्या दिनदर्शिकेवरूनही बांधता येतो, कारण बहुतेक वर्षी हा सण पौष अमावास्येच्या दिवशी किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी पडतो. २०२५ मध्ये तो २९ जानेवारीला, नेमका पौष अमावास्येला होता. तथापि दोन्ही पंचांगांतील अधिक मास एकाच वेळी येत नाहीत. व्हिएतनाममध्ये तो २०२५ मध्ये येऊन गेला, भारतात २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, आणि परिणामी २०२६ चा तेत महिनाभर पुढे सरकून १७ फेब्रुवारीला, माघ अमावास्येला पडला. २०२७ मध्ये तो पुन्हा पौष अमावास्येला, ६ फेब्रुवारीला येतो. सांगण्याचा हेतू एवढाच की गेल्या वर्षीच्या तारखेवर भिस्त ठेवून विमानाचे तिकीट काढणे धोक्याचे आहे. कायद्याने या सणाला पाच दिवसांची सुट्टी असली, तरी शनिवार-रविवार धरून ती सहसा सात ते नऊ दिवसांची होते, आणि छोट्या व्यावसायिकांची सुट्टी त्याहूनही लांबते.

अन्य सुट्ट्यांचा उल्लेख थोडक्यात करणे पुरेसे आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मध्य व्हिएतनामचा पावसाळा ध्यानात घ्यावा. तो साधारण सप्टेंबर ते डिसेंबर असा असतो आणि त्या काळात थू बोन नदीचे पाणी होई आनच्या जुन्या पेठेत शिरणे ही नवलाची गोष्ट नाही. नाताळ ही तेथे सरकारी सुट्टी नसल्यामुळे डिसेंबरची अखेर सर्वांत बिनघोर असते. अडचण तेतची आहे. आणि तरीही तेत पाहण्यासारखा असल्यामुळे तो टाळा असा सल्ला येथे दिलेला नाही.

या काळातील प्रवासाचे सूत्र लोकांच्या ओघाची दिशा समजल्याशिवाय हाती लागत नाही. हो ची मिन्ह सिटी (तेथील लोकांच्या तोंडी अजूनही सायगॉन) आणि तिच्या भोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात उत्तरेकडून व मध्य भागातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. तेतपूर्वीच्या दोन आठवड्यांत हे सर्वजण कुटुंबासह उत्तरेकडे निघतात आणि सण उरकल्यावर पुन्हा दक्षिणेकडे येतात. कोकणात गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्यांची गाडी ज्याने पाहिली आहे त्याला या गर्दीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की हा ओघ हनोई ते सायगॉन या १,७२६ किलोमीटरच्या एकाच लोहमार्गावर, त्याला समांतर महामार्गावर आणि विमानांत एकवटलेला असतो. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे कित्येक महिने आधी विक्रीला येतात, आणि ऐन वेळी स्टेशनवर जाऊन बर्थ मिळवण्याची भारतीय उमेद तेथे कामी येत नाही.

या ओघाची दुसरी बाजू मात्र प्रवाशाच्या फायद्याची आहे. माणसे पोहोचवलेली गाडी परत यावीच लागते. त्यामुळे तेतच्या आधी उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि तेतनंतर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या डब्यांत जागा सहज मिळते, शिवाय भाडेही पुष्कळदा उतरलेले असते. मुंबईहून हनोई आणि सायगॉन या दोन्ही शहरांना थेट विमाने असल्याने हनोईत उतरून सायगॉनहून परतावे की उलट, याचा निर्णय आवडीवर न सोडता या ओघावरून करावा. तेतच्या आधी पोहोचणाऱ्याने उत्तरेकडून आरंभ करून सणापूर्वी दक्षिणेस सरकावे. सणानंतर पोहोचणाऱ्याने सायगॉनपासून सुरुवात करावी. रेल्वेत चार बर्थचा मऊ गादीचा आणि सहा बर्थचा पातळ गादीचा असे दोन प्रकारचे शयनकक्ष असतात. सहा बर्थच्या कक्षातील सर्वांत वरची जागा स्वस्त असली, तरी तेथे ताठ बसताही येत नाही, आणि पूर्ण मार्गाचा प्रवास दीड दिवसाच्या आसपास चालतो. म्हणून तो हुए किंवा दा नांग येथे तोडणे शहाणपणाचे. या दोन शहरांमधला हाय व्हान घाट दिवसाउजेडी पार करावा, कारण तेथे रूळ अगदी समुद्रालगत जातात आणि रात्रीच्या गाडीने गेल्यास या मार्गाचे सार्थकच उरत नाही.

सणाच्या मुख्य दिवसांत प्रवास करूच नये. वर्षअखेरच्या संध्याकाळपासून नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत एकाच गावी मुक्काम ठेवावा. परंपरेनुसार पहिला दिवस वडिलांकडच्या, दुसरा आईकडच्या आप्तांचा आणि तिसरा गुरुजनांचा असतो, आणि दुकानदार नंतरचा एखादा शुभ दिवस पाहून दुकान उघडतो. हा क्रम ठाऊक असला म्हणजे बंद दारांचा राग येत नाही. मुक्काम कोठे ठेवावा याबाबत मात्र मार्गदर्शक पुस्तकांचा नेहमीचा उपदेश फिरवावा लागतो. एरवी ती पुस्तके पर्यटकांच्या गर्दीपासून दूर, आडगावी जाण्याची शिफारस करतात. तेतमध्ये होई आन, न्हा त्रांग किंवा हनोईच्या होआन कीएम तळ्याभोवतीची जुनी वस्ती अशी, पर्यटकांवरच पोट असलेली ठिकाणे निवडावीत, कारण तेथे निदान काही खानावळी आणि मुक्कामाची घरे उघडी राहतात. एका लहान गावात इंटरनेटवरून आरक्षित केलेले, पैसे भरलेले आणि पोचही आलेले अतिथिगृह संध्याकाळी कुलूपबंद आढळणे, मालकांचे कुटुंब आजोळी गेलेले असणे आणि शेजाऱ्याने हातवाऱ्यांनी चार दिवसांनी या असे सुचवणे, हा प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आलेला आहे. संगणकाने दिलेले आरक्षण हे मालकाने दिलेले वचन नव्हे. म्हणून आठवडाभर आधी मालकाशी थेट संदेशाद्वारे बोलून, त्या रात्री कोण दार उघडणार आहे हे विचारून घ्यावे. सणासाठी आकारले जाणारे वाढीव दर सर्वत्र रूढ आहेत, तेव्हा त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आकडा आधी विचारावा, म्हणजे झाले.

खाण्याची बेगमी वर्षअखेरच्या दुपारपूर्वी करावी, कारण त्यानंतर बाजार झपाट्याने उठतो. तेतचा मुख्य पदार्थ बान्ह चुंग, म्हणजे चिकट तांदूळ व मूगडाळ हिरव्या पानांत चौकोनी बांधून बराच वेळ शिजवलेला पिंड. दिसायला तो निरुपद्रवी असला, तरी त्याच्या पोटात बहुधा डुकराचे मांस असते. दक्षिणेकडच्या दंडगोलाकार बान्ह तेतलाही हाच इशारा लागू आहे, मात्र तेथे त्याचे केळ्याचे शाकाहारी रूपही मिळते. शाकाहारी प्रवाशाने खानावळीवर 'चाय' असा उच्चार होणारी पाटी शोधावी. तेथील बौद्ध श्रद्धेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक लोक मांसाहार वर्ज्य करतात, त्यामुळे एरवी अशा दिवशी या खानावळींत गर्दी असते, आणि तेतच्या पहिल्या दिवशीही एखाद्या पॅगोडाजवळ काही ना काही मिळण्याची आशा धरता येते. इतर कोठेही माशांपासून केलेले न्योक माम हे खारट पाणी भाजीतसुद्धा असते हे गृहीत धरावे.

एकटा परदेशी माणूस सणाच्या दिवशी रस्त्यावर फिरताना दिसला की त्याला घरात बोलावण्याची रीत अजून टिकून आहे, आणि एकट्याने केलेल्या प्रवासाचे खरे फळ येथेच मिळते. मात्र त्याचेही नियम आहेत. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा प्रथम ओलांडणाऱ्या व्यक्तीवर कुटुंबाचे वर्षभराचे भाग्य अवलंबून असते असे मानले जाते, आणि ही व्यक्ती जन्मवर्ष, स्वभाव व घरची स्थिती पाहून आधीच ठरवलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आगंतुकपणे कोणाच्या दारात जाऊ नये. बोलावणे आले तर घरात पाहुणे येऊन गेले असल्याची खात्री करून मगच जावे. सुतकात असलेला माणूस या दिवशी दुसऱ्याकडे जात नाही, आणि प्रवाशानेही आपल्या बाबतीत तो संकेत पाळावा. लहान मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात, ज्यास ली सी म्हणतात. रक्कम लहान चालते, नोट मात्र कोरी हवी. पाकिटे भरताना उजेडात बसावे, कारण वीस हजार आणि पाच लाख डोंगांच्या दोन्ही नोटा निळसर असून घाईत एकमेकींसारख्या दिसतात. घरात नववर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, तेव्हा मदतीच्या उत्साहात झाडू हाती घेऊ नये.

उत्तरेकडे जाणाऱ्यांचा थंडीविषयीचा अंदाज सहसा चुकतो. आग्नेय आशिया म्हणजे उकाडा या समजुतीने निघालेला प्रवासी जानेवारी-फेब्रुवारीत हनोईच्या दमट गारठ्यात, घरांना उष्णतेची सोय नसल्याने, कुडकुडत राहतो, आणि सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या सापा येथे तर पारा क्वचित शून्याजवळ जातो. एक जाड जाकीट आणि पावसाचा अंगरखा पाठपिशवीत असावा. दक्षिणेत पोहोचल्यावर ते ओझे वाटेल, त्याला इलाज नाही.

कागदपत्रांत महाराष्ट्रातील प्रवाशांची एक खास अडचण संभवते. मराठी माणसाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आणि ई-व्हिसाचा अर्ज भरताना ते मधले नाव अनेकदा गळते. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. परंतु त्यावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावे लागते, आणि दुरुस्तीसाठी लागणारे कामकाजाचे दिवस तेतमध्ये अस्तित्वातच नसतात. अर्ज सणाच्या बराच आधी, पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनीय ओळींत नाव जसे आहे तसे लिहून करावा. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा परदेशातील वापर रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नव्या कार्डावर आपोआप सुरू नसतो, तो घरूनच सुरू करून घ्यावा. सणापूर्वी एटीएमसमोर रांगा लागतात आणि बँका बंद राहतात, तेव्हा आठवड्याचा रोख खर्च आधीच हाताशी ठेवावा.

सर्वांत महाग पडणारी चूक दुचाकीची. उत्तरेकडील हा जियांगच्या चुनखडी डोंगरांतून, मा पी लेंग खिंडीवरून जाणारा वळणावळणाचा रस्ता तरुण प्रवाशांना भुरळ घालतो, आणि गाडी भाड्याने देणारा परवाना पाहतोच असे नाही. भारतातील आरटीओ जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देते तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारातील परवाने ग्राह्य धरतो. अर्थात हा परवाना खिशात असूनही भारतीय चालक कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना ठरतो, आणि प्रवास विम्याची भरपाई सामान्यतः वैध परवान्याच्या अटीवर असल्यामुळे हाड मोडल्यास इस्पितळाचे देणे स्वतःच्या खिशातून जाते. भरीस भर, तेतमध्ये घरोघरी तांदळाच्या दारूचा आग्रह होतो, तर चालकाच्या शरीरात मद्याचा अंशही चालणार नाही असा कायदा २०२० पासून लागू आहे. या रस्त्यावर स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची सोय आहे. ती खर्चिक असली, तरी तीच घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि पोलिसांसाठी ११३ हे क्रमांक लिहून ठेवावेत.

गाडी भाड्याने देणारे काही दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतात. मुक्कामाच्या ठिकाणी पोलिसांकडील नोंदीसाठी तो दाखवावाच लागतो, पण नोंद होताच परत घ्यावा. पासपोर्ट गमावल्यास प्रथम पोलिसांचा दाखला, मग हनोईतील भारतीय दूतावास किंवा सायगॉनमधील वाणिज्य दूतावासाकडून नवा पासपोर्ट अथवा भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र, आणि त्यानंतर व्हिएतनामच्या आप्रवासन खात्याकडून देश सोडण्याची परवानगी असा क्रम असतो. यांतील शेवटची पायरी तेतची सुट्टी संपेपर्यंत हलत नाही, मग परतीचे विमान कधीचेही असो. तारण द्यायचेच असेल तर रोख रक्कम द्यावी आणि तिची पावती घ्यावी. जो दुकानदार रोख नाकारून पासपोर्टच मागेल, त्याच्याकडून सायकलही घेऊ नये.