साखर तपासायला लक्षणांची वाट पाहू नका

पनवेलजवळच्या कोन आणि आसपासच्या गावांत जगण्याची रीत झपाट्याने बदलली. भाताच्या खाचरांच्या जागी इमारती आल्या. लावणी, कापणी, झोडणीचे कष्ट गेले. ताटातला भात आणि तांदळाची भाकरी मात्र पूर्वीइतकीच राहिली. याच कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी काढली. ती पिढी आता साठी-सत्तरीच्या पुढे आहे. कोन फाट्यावरून रात्रंदिवस गाड्या हाकणारे चालक आणि कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार यांचे जेवणही अवेळी, झोपही अपुरी. कमी हालचाल, वाढते वय आणि मोडलेली दिनचर्या या तिन्ही गोष्टी मधुमेहाला वाट करून देतात.

सारखी तहान, वारंवार लघवी, खाऊनही घटणारे वजन, थकवा, धूसर नजर, तळपायांना मुंग्या, लवकर न भरणारी जखम आणि लघवीच्या जागी खाज ही मधुमेहाची लक्षणे. पण टाइप २ मधुमेहात ती दिसायला कधी कधी वर्षे लागतात. तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसा यांना इजा सुरू झालेली असू शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

‘मी तर सडपातळ आहे’ या भरवशावरही राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा पुरेसे सांगत नाही, म्हणून कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर साखर तपासून घ्या. आईवडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, रक्तदाब असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर तपासणी टाळूच नका. वय तिशीपुढे गेले की प्रत्येकानेच ती करावी. गरोदर स्त्रियांनी तर पहिल्याच भेटीत साखरेच्या तपासणीबद्दल विचारावे.

निदान कसे होते? उपाशीपोटी साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त असेल, तर तो मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही पूर्वमधुमेहाची पायरी. इथून आहार, व्यायाम आणि वजन सांभाळून मागे फिरता येते. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. बोटाला टोचून पाहायचे ग्लुकोमीटर रोजच्या देखरेखीसाठी उत्तम, पण निदान प्रयोगशाळेत शिरेतून काढलेल्या रक्तावरच करावे. रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, म्हणून तसे असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा.

उपचाराचा पाया ताटातच आहे. भात सोडायची गरज नाही. तो वाटीने मोजून घ्या आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने भरा. मासळी तळण्यापेक्षा कालवणात खा. नाचणीची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. तंबाखू, मिश्री आणि विडी बंद करा, कारण मधुमेहात रक्तवाहिन्या आधीच धोक्यात असतात. एवढ्याने भागले नाही तर बहुधा मेटफॉर्मिन सुरू करतात. पुढे गरजेप्रमाणे इतर गोळ्या किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिन म्हणजे शेवटची घटका, ही समजूत चुकीची आहे. शरीराला जे कमी पडते, तेच आपण बाहेरून देतो. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड हा गोळ्यांना पर्याय नाही. साखर आटोक्यात आली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती गोळीमुळेच आटोक्यात आलेली असू शकते.

चालकांना खास सांगणे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, डोके गरगरणे असे वाटताच गाडी बाजूला लावा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. बरे वाटले तरी लगेच स्टिअरिंग धरू नका. गाडीत साखर किंवा ग्लुकोज कायम ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काही घालू नका, १०८ ला फोन करा.

लहान मूल अचानक रोडावले, सारखे पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले किंवा उलट्या होऊन धापा टाकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हा टाइप १ मधुमेह असू शकतो, त्यात इन्सुलिनशिवाय मूल वाचत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पावलांची संवेदना तपासावी. रोज रात्री तळपाय पाहा आणि अनवाणी फिरू नका. बधिर पावलाला काटा रुतलेला कळत नाही.

तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व साखर तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातून मोफत होते. आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा, किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. या आठवड्यात एक सकाळ काढा आणि घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांना घेऊन उपाशीपोटी तपासणीला जा.