पैठणचा नाथवाडा : देव जिथे पाणक्या झाला

सज्जनहो, आपण वारकरी देवळात जातो, देवाचे दर्शन घेतो आणि घरी परततो. देऊळ देवाचे आणि घर आपले, अशी वाटणी मनाने कधीच करून टाकलेली असते. पैठणला मात्र ही वाटणी चालत नाही. तिथे ज्या जागी आपण माथा टेकतो, ते मुळात एका संसारी माणसाचे घर आहे. म्हणून या महिन्याच्या पाठात श्रीएकनाथ महाराजांच्या वाड्याचा विचार करू.

पैठणला नाथांची दोन स्थाने आहेत. गावाबाहेर गोदाकाठी समाधिमंदिर, आणि गावात नाथांचा राहता वाडा. या वाड्याचेच पुढे मंदिर झाले. त्याला गावातील नाथमंदिर म्हणतात. घराणे भानुदास महाराजांचे. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरीला परत आणली, असे संप्रदाय मानतो. भानुदासांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि त्यांचे चिरंजीव आपले नाथ. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून आजोबांनी वाढवले. पुढे देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा घडली, आणि गुरूच्याच आज्ञेने नाथांनी गिरिजाबाईंशी संसार मांडला. तो संसार या वाड्यातला. नाथांच्या पूजेतील विजयी पांडुरंगही इथेच. नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ साली. म्हणजे ग्रंथ, देवपूजा, कीर्तन, मुलेबाळे आणि अन्नदान ही सगळी एकाच छपराखाली नांदली.

आता श्रीखंड्याची कथा. एक ब्राह्मण द्वारकेत कृष्णदर्शनासाठी तप करीत बसला होता. त्याला दृष्टांत झाला की, देव इथे नाहीत, पैठणला नाथांच्या घरी चाकरीला आहेत. तो धावत पैठणला आला आणि 'श्रीखंड्या कुठे आहे?' असे विचारू लागला. श्रीखंड्या हा घरचा गडी. बारा वर्षे त्याने गोदावरीचे पाणी कावडीने वाहिले, पूजेचे चंदन उगाळले. श्रीखंड म्हणजेच चंदन, त्यावरून त्याचे नाव. ब्राह्मणाचा शोध सुरू झाला आणि इकडे गडी दिसेनासा झाला. तेव्हा घरच्यांना उमगले की, आपण पाणी सांगत होतो ते प्रत्यक्ष भगवंताला!

ही कथा महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितली आहे. नाथांनी देह ठेवला शके १५२१ (इ. स. १५९९) मध्ये, आणि 'भक्तविजय' झाला इ. स. १७६२ साली. मधे दीडशेवर वर्षे गेली. तेव्हा अभ्यासकाने कथा कथा म्हणूनच घ्यावी, दस्तऐवज म्हणून नव्हे. पण म्हणून ती टाकून द्यायची का? मुळीच नाही. लोकांनी असा विचार केला की, देवाला चाकरी करावीशी वाटावी असे घर कोणते? आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पैठणचा वाडा आला. त्या घराविषयी लोकांना काय वाटत होते, याची ही साक्षच म्हणायची.

या कथेतूनच रांजणाचा प्रघात आला. श्रीखंड्या पाणी भरी तो रांजण म्हणून वाड्यात एक रांजण दाखवतात. तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, त्याची पूजा होऊन पाणी भरायला आरंभ होतो. भाविक घागरीमागून घागर ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देवच येऊन गेला असे मानून त्याचा मान करतात. आता बघा हं, यातली गंमत काय आहे! आपल्या पुढचा माणूस कोण, हे ओततेवेळी कुणालाच ठाऊक नसते. शेवटची घागर एकाची असते खरी, पण आधीच्या शेकडो घागरी नसत्या तर ती रांजणाच्या तळाशीच गेली असती. मान एकाला मिळतो आणि सेवा सगळ्यांची रुजू होते.

दुसरी कथा श्राद्धाची. पितृपक्षात वाड्यात स्वयंपाक चालला होता. वासाने रस्त्यावरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबातील भुकेली लेकरे थबकली. नाथांनी त्यांना आत बोलावले आणि पितरांसाठी केलेले अन्न पोटभर जेवू घातले. ब्राह्मणांनी पानावर बसायचे नाकारले. तेव्हा पितर स्वतः उतरून जेवले, अशी कथा आहे. कीर्तनात आपण पितरांपाशी टाळी वाजवतो. पण मला विचाराल तर खरी परीक्षा चुलीपाशी झाली. ते अन्न वाढून झाल्यावर घर पुन्हा सारवून, पुन्हा पाणी भरून, सगळा स्वयंपाक दुसऱ्यांदा कुणी केला? गिरिजाबाईंनी. माउलीने कपाळाला आठी घातली असती, तर नाथांचे औदार्य उंबरठ्यावरच अडले असते.

याच माउलीने पुरणपोळीवर जीव असलेल्या गावबाला घरात ठेवून घेतले. लोक त्याला वेडगळ म्हणत. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापाशी थांबले, ते पुढे याच गावबाने पुरे केले, अशी परंपरा आहे. कुणाला दारातून हुसकायचे आणि कुणाला पानावर बसवायचे, हे ठरवताना ही गोष्ट जरूर आठवावी.

नाथषष्ठीचा सोहळा फाल्गुन वद्य षष्ठीपासून अष्टमीपर्यंत चालतो. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांची व त्यांची भेट, स्वामींचे निर्वाण आणि नाथांची जलसमाधी, हे पाचही प्रसंग याच तिथीचे मानतात. दिंड्या येतात, वाड्यातून समाधिमंदिराकडे नाथवंशजांची दिंडी जाते, आणि अष्टमीच्या काल्याने सांगता होते. गावाच्या वरच्या अंगाला १९७६ सालापासून जायकवाडीचे धरण उभे आहे. त्याच्या जलाशयालाही लोकांनी नाथसागर हेच नाव दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण वाड्यात जाऊन रांजणाला हात लावतो, डोळ्यांना पाणी येते. पण आपल्या घरी पाणी मागायला आलेल्याला कोणत्या भांड्यातून देतो? घरच्या गड्याला, मोलकरणीला कुठे बसवतो? जात पाहून पेला वेगळा काढत असू, तर पैठणची वारी घडली नाही, नुसता प्रवास घडला. बोचेल हे, पण खरे आहे. त्यातही नाथ संन्यासी नव्हते, आपल्यासारखेच बायकामुलांचे गृहस्थ होते. त्यामुळे 'ते संतांना जमते, आम्हांला नाही' ही पळवाट त्यांनी आपल्याला ठेवलेलीच नाही.

भजनी मंडळांनी एकादशीला बसून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. देवाने राजवाडा सोडून गृहस्थाच्या घरची चाकरी का पत्करली?
२. श्राद्धकथेत अधिक कठीण काम कुणाचे, नाथांचे की गिरिजाबाईंचे?
३. आपल्या घराचा उंबरठा आजही कुणाला अडवतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडळात सांगितले नाही तरी चालेल. घरी जाऊन दार उघडले की पुरे.

॥ भानुदास एकनाथ ॥