आजीची मान

चि. मनीस,


तू काढलेलं आजीचं चित्र फोनवर मोठं करकरून पाहिलं. सुरकुत्या एकूण एक आल्यात, कुड्यांचे मोतीसुद्धा मोजून घ्यावेत असे. पण आजी आलेली नाही. हे तुलाही जाणवलंय, नाहीतर "काका, काय चुकलंय?" असं तू विचारलं नसतंस.

आजीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. कुणी बोलायला लागलं की ती उजवा कान पुढे करते, हनुवटी जराशी खाली जाते आणि पदराचं टोक आपोआप बोटांत येतं. आपली आजी त्या मानेत आहे गं! तू तिला पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसवलीस, तिथेच ती हातची गेली. यापुढे नाक-डोळ्यांना हात लावण्याआधी मान, खांदे आणि डोक्याचा कल एवढंच चारकोलने काढ, दहा मिनिटांत. तेवढ्यावरून घरातल्या कुणी "ही आजी" म्हटलं, तरच पुढे जा.

मग डोळे बारीक करून बघ. बारकावे विरघळतात, सावलीचे दोन-तीन मोठे आकार उरतात. ते आधी भर. डोळ्यातला पांढरा भाग तू कोरा सोडलायस, म्हणून ती दचकल्यासारखी दिसते. वरच्या पापणीची सावली पडून तो भाग राखाडीच असतो. आणि गालाच्या सावलीत काळा नको. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळ. त्या सावलीत रक्त राहतं.

सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री तुला ठाऊक आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तेलरंग वाटावा, पण आहे जलरंग. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं बघ, उजेड त्यांच्यातून झिरपून लालसर झालाय. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, कागदावर राखावा लागतो. म्हणजे पहिला वॉश देण्याआधीच तो उजेड त्यांच्या मनात पक्का असणार. मला त्या चित्रातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

फोनवरच्या फोटोवरून काढणं तूर्त बंद कर. जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात, आणि मान तर एका क्षणाची थिजलेली. आजीसमोर बस. एका बैठकीत वीस मिनिटं पुरेत, तिची पाठ दुखते. तिला गप्प मात्र बसवू नकोस. तांदूळ निवडायला दे, माहेरच्या विहिरीबद्दल विचार. ती हलेल, तू चुकशील, पुन्हा काढशील.

जुनं चित्र फाडू नकोस, मागे तारीख घालून ठेव. रविवारी येतोय. चारकोलच्या कांड्या आणि पुट्टी रबर घेऊन येईन. आजीला उजव्या बाजूने हाक मारून माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका