संगणक-समूहाची सुरक्षितता : एक दक्षता

हैदराबादचे काचीगुडा स्थानक १९१६ साली उभारले गेले. अशा स्थानकात गाड्या अनेक असल्या तरी त्यांना सिग्नल देणारा कक्ष एकच असतो. शेकडो संगणकांचा समूह चालविणाऱ्या प्रणालीचे कार्यही असेच असते. २०१४ मध्ये गूगलने सर्वांसाठी खुली केलेली ‘कुबरनेटिस’ ही अशीच एक प्रणाली होय. हा कक्षच परक्याच्या हाती गेला, तर सारा समूह धोक्यात येतो.

२०१८ मध्ये याचे दोन दाखले मिळाले. टेस्ला कंपनीचा नियंत्रण-फलक परवलीच्या शब्दाविना उघडा राहिला. घुसखोरांनी तिच्या संगणकांवर आभासी चलन मिळविण्याचा उद्योग चालविला. डिसेंबरमध्ये खुद्द प्रणालीतीलच गंभीर दोष जाहीर झाला. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यासही सर्वाधिकार मिळविणे शक्य होते. दुरुस्त आवृत्त्याही लगेच उपलब्ध झाल्या.

आज्ञावली खुली असणे हा दोष नव्हे. उलट अनेकांना ती तपासता येते. मात्र जाहीर झालेला दोष घुसखोरांनाही कळतो. म्हणून दुरुस्ती त्वरित बसवावी, परवलीचा शब्द ठेवावा आणि प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा. २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस कळविणे बंधनकारक आहे. जमिनीचे उतारे व निवृत्तिवेतनाच्या नोंदी आज संगणकावर आहेत. त्यांच्या रक्षणात हयगय होता कामा नये.