चंद्रावरील अवतरण

पृथ्वीवर परतणाऱ्या अवकाशयानास वातावरणाचे साहाय्य मिळते. हवेच्या घर्षणाने त्याचा वेग मंदावतो आणि शेवटी हवाई छत्रीच्या आधाराने ते सावकाश खाली येते. चंद्रावर हवा नाही. तेथे छत्री निरुपयोगी होय. उतरणाऱ्या यानास आपली इंजिने गतीच्या उलट दिशेने चालवून स्वतःच वेग आवरावा लागतो. शिवाय पृथ्वीवरील संदेश चंद्रापर्यंत पोहोचण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो, व उत्तर येण्यास तितकाच. हा विलंब क्षुल्लक भासेल. परंतु क्षणाक्षणाला निर्णय घ्यावयाचा असता तो घातक ठरतो. म्हणून अखेरच्या मिनिटांत शास्त्रज्ञांनी केवळ पाहत राहावयाचे असते.

७ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे चांद्रयान-२ मधील 'विक्रम' हे अवतरक असेच खाली उतरत होते. इंजिनांचा जोर अपेक्षेहून किंचित अधिक पडला. ती चूक साठत गेली. ती सुधारण्यासाठी यानास झटकन वळणे आवश्यक होते. पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. विक्रम चंद्रावर आदळले.

शास्त्रज्ञांनी त्या अपयशाची कसून चिकित्सा केली. काय काय बिघडू शकेल हे आधी ठरवून, तसे झाले तरी यान तगले पाहिजे, या रीतीने त्यांनी नव्या विक्रमाची रचना केली. पाय बळकट केले, इंधन वाढविले. उतरण्याची जागा पूर्वी जेमतेम अर्धा किलोमीटर लांब व तितकीच रुंद होती. ती ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद केली. पाच इंजिनांऐवजी मात्र चारच ठेवली!

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून चांद्रयान-३ चे अवतरण सुरू झाले. त्या वेळी त्याचा वेग सेकंदास सुमारे १.७ किलोमीटर होता. चारच दिवसांपूर्वी रशियाचे लूना-२५ हे यान चंद्रावर आदळून नष्ट झाले होते. बंगळूरच्या नियंत्रणकक्षात सर्वांच्या नजरा पडद्यावर खिळल्या. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद टेकले.

त्याने जमिनीत खुपसलेल्या तापमापकाने मोठे नवल दाखविले. पृष्ठभागी उष्णतामान ५० अंशांहून अधिक, तर अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश! चंद्रावरील माती उष्णता फारशी आत जाऊ देत नाही.

दोन आठवड्यांनी तेथे रात्र झाली. त्या कडाक्याच्या थंडीनंतर विक्रम जागे झाले नाही. तथापि त्यावर एक छोटा परावर्तक बसविलेला आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने त्यावर लेसर किरण सोडला, आणि तो किरण विक्रमावरून परत आला.