नवा पाइप फुटतो कशाने?

पाड्यांवर आपल्या मदतीतून झालेल्या नळयोजनांबद्दल मंडळीतले सभासद मला नेहमी विचारतात, की पाइप नवा असताना जोड निखळतो कसा? पाड्यावर दोष बहुधा सोल्यूशनला नाहीतर प्लंबरला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण तोच जोड पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर मी आधी विचारते, पाणी बंद कोण करतो आणि कसे?

डोंगरातल्या झऱ्यापासून खालच्या टाकीपर्यंत 63 मिलिमीटरचा 800 मीटर पाइप असेल, तर त्यात सुमारे दोन टन पाणी असते. ते सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने येत असते. खालचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला, की एवढे ओझे त्यावर आदळते आणि दाबाची लाट पाइपातून उलटी वर धावते. इंजिनियर याला वॉटर हॅमर म्हणतात.

निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1897-98 मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचा हिशेब मांडला. पाण्याचा वेग एकदम जितका घटेल तितका धक्का मोठा. पीव्हीसी पाइपात लाट सेकंदाला सुमारे 400 मीटर जाते. त्यात एक मीटर वेगाचे पाणी थांबवले, तर दाब सुमारे 40 मीटरने चढतो. वेग दुप्पट तर 80 मीटरने. मुळात 30 मीटर दाब असेल तर झाले 70, आणि 6 किलोचा पाइप 60 मीटरसाठी असतो. लोखंडी पाइपात लाट आणखी वेगाने जाते, म्हणून तिथे धक्का याहून मोठा. मजबुती वेगळी!

आपल्या 800 मीटरच्या पाइपात लाट वर जाऊन परत यायला 4 सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण धक्का बसतो. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेरीत फिरतो, त्यामुळे तिथे हात जड ठेवावा लागतो. चाकाचा व्हॉल्व्ह फसवा असतो. पहिल्या बऱ्याच फेऱ्यांत पाणी फारसे कमी होत नाही, ते शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत तुटते. पाणी सोडणारा भाऊ नेमका तेव्हाच घाईत असतो.

मोटरीवरच्या योजनेत लाइट गेली की उलटे घडते. मोटर थांबते, पण पुढे गेलेले पाणी लगेच थांबत नाही, म्हणून मागे दाब पडतो. तो हवेच्या दाबाखाली गेला, तर सैल जोडातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात पाइप गटाराशेजारून जात असेल, तर टाकीत औषध टाकूनही पाड्यावर जुलाब का सुरू होतात, त्याचे एक कारण हे असू शकते. मागोमाग पाणी परत फिरते आणि मोटरीजवळच्या झडपेवर आपटते.

दुरुस्तीनंतर रिकामी लाइन भरतानाही व्हॉल्व्ह थोडासाच उघडावा आणि हवा निघून जाईपर्यंत सगळ्यात वरचा नळ उघडा ठेवावा. नळ फुसफुसायचा थांबून धार सलग आली, की मग पुढची फेरी.